क्रॉफर्ड मार्केट ते महालक्ष्मी : एका पिल्लाचा शोध

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून भुलेश्वरच्या पांजरपोळापर्यंतचे अंतर पायी अर्ध्या तासाहूनही कमी आहे. मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीट धरला की मंगलदास मार्केटातील कापडाचे तागे, मग जुम्मा मशीद, मग झवेरी बाजार आणि मुंबादेवी. पुढे भुलेश्वरची फुले, पूजासाहित्य, बांगड्या आणि माधवबागेशेजारी पांजरपोळाचे प्रवेशद्वार. कापड, सोने, किराणा यांच्या पेढ्या असलेल्या कितीतरी जैन घराण्यांच्या तीन-चार पिढ्या या रस्त्याने चालत आल्या आहेत. या पायवाटेच्या एका टोकाला प्राणी विकला जातो आणि दुसऱ्या टोकाला तो सांभाळला जातो. घरात कुत्रा आणावयाचा की नाही, आणावयाचा तर कोठून, हा प्रश्न ज्या घरात निघाला आहे, त्या घराने हा रस्ता एकदा तरी पायी चालावा.

प्रश्न तसा नवा आहे. जुन्या घरांत प्राण्यांचा वाटा ठरलेला असे. गाईला घास, कबुतरांना ज्वारी, मुंग्यांना साखर-पीठ आणि दारावरच्या कुत्र्याला भाकरी. परंतु कुत्रा उंबऱ्याबाहेरचा. त्याला उपाशी ठेवावयाचे नाही आणि घरातही घ्यावयाचे नाही, ही सीमा कोणी न सांगता पाळली जाई. आता दहाव्या मजल्यावरील सदनिकेत उंबरा उरला नाही, चाळीतला कुत्राही उरला नाही. घरात एकच मूल असते आणि त्याला सोबत हवी असते. आजोबा नाही म्हणतात, आई घरातील केसांची काळजी करते, आणि तरीही एखाद्या रविवारी सगळे कुटुंब क्रॉफर्ड मार्केटात येऊन उभे राहते.

१८६९ साली उभ्या राहिलेल्या या मंडईचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा आणि दर्शनी भागावरील शेतकरी-कष्टकऱ्यांची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. आज तिला महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव आहे. फळांचे ढीग ओलांडून आत गेले की वास बदलतो. आंब्या-सफरचंदांचा सुगंध मागे पडतो आणि ओलसर भुसा, दाणे व पिसे यांचा उग्र दर्प येऊ लागतो. रंगीत मासे, ससे, पांढरे उंदीर आणि एकावर एक रचलेले पिंजरे. बहुतेक पक्षी परदेशी जातींचे असतात, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतीय रानपक्ष्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. आजीच्या घरी मिरची खाणारा हिरवा पोपट आता पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हा आहे, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसते.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पर्युषणाच्या दिवसांत पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन आकाशात सोडण्याची प्रथा अनेक गावांत आहे. हेतू निर्मळ असतो. परंतु विक्रेत्याच्या वहीत तो हेतू कोठेच नोंदला जात नाही. तेथे फक्त पन्नास पक्षी खपल्याची नोंद होते आणि पुढच्या वर्षी सत्तर पक्षी पकडावेत असा निष्कर्ष निघतो. सुटलेल्या पक्ष्यांपैकी कितीतरी इतके दुबळे झालेले असतात की संध्याकाळपर्यंत घारी-कावळ्यांच्या तावडीत सापडतात. बाजार ज्यांच्या रक्तात आहे, त्या घरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दयेने केलेली खरेदी हीदेखील खरेदीच असते आणि प्रत्येक खरेदी पुढच्या मालाची मागणी असते.

पिल्लाच्या बाबतीत हेच अधिक तीव्रतेने घडते. विकाऊ पिल्ले अलीकडे पिंजऱ्यांपेक्षा मोबाइलच्या पडद्यावर अधिक दिसतात. लॅब्राडोर, पग, शिट्झू, हस्की अशी नावे येतात, छायाचित्रे येतात, भाव ठरतो आणि टोपलीतून एक मऊ, झोपाळू जीव समोर येतो. तो झोपाळू का आहे, हे कोणी विचारत नाही. त्याला खाली ठेवून निघून जाणे मुलाला शक्य नसते, वडिलांनाही नसते. ‘निदान याची तरी सुटका होईल’ या विचाराने पैसे दिले जातात. विक्रेत्याला नेमके हेच ठाऊक असते.

या ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : या पिल्लाची आई कोठे आहे? ती मंडईत नसते. कोठे तरी दूरच्या वस्तीत, एखाद्या गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ती असते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पिल्ले लवकर तोडली तर ती लवकर विकली जातात. कारण पाच आठवड्यांचे पिल्लू आठ आठवड्यांच्या पिल्लापेक्षा गोजिरवाणे दिसते. परंतु याच तीन आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावण्याची मर्यादा, खेळण्याची रीत आणि भीती आवरणे शिकत असते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण या सुमारास ओसरू लागते व लसीचे संरक्षण अजून आलेले नसते. अशा वेळी गर्दीच्या पिंजऱ्यातून आलेल्या पिल्लाला पार्व्हो नावाचा विषाणुजन्य आजार गाठतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा आठवडाभर जातो. म्हणून विकत घेताना ठीक वाटलेले पिल्लू घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागते. मुलाने तोवर त्याचे नाव ठेवलेले असते.

जातींच्या हौशीचाही एक इतिहास आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग दिसला आणि शहरोशहरी पगची मागणी वाढली. चपट्या नाकाचा हा प्राणी मुळातच श्वासासाठी झगडतो. कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि पगला धापच नीट टाकता येत नाही. मेच्या दमट दुपारी त्याची अवस्था पाहवत नाही. सायबेरियातील हिमात गाड्या ओढण्यासाठी घडलेल्या हस्कीला मुंबईत चोवीस तास वातानुकूलन लागते. जर्मन शेफर्ड व लॅब्राडोर यांना खुब्याच्या सांध्याचे दुखणे आनुवंशिक असू शकते, डॅशहुंडला पाठीच्या मणक्याचे. माणसाने रूप निवडले, दुखणे प्राण्याच्या वाट्याला आले.

सगळे प्रजनक एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. श्वान प्रजनन व विपणनाचे नियम २०१७ साली लागू झाले. त्यानुसार प्रजनकाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि मादी किमान अठरा महिन्यांची झाल्याखेरीज तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत. हे पाळणारी, आईची व बापाची सांध्यांची तपासणी करून घेणारी, ग्राहकालाच उलट दहा प्रश्न विचारणारी, जमले नाही तर पिल्लू परत घेण्याचे लेखी वचन देणारी माणसेही आहेत. त्यांच्याकडे वर्षभर थांबावे लागते. जो विक्रेता आजच्या आज पिल्लू घरपोच देतो, तो या वर्गातला नव्हे, एवढी पारख व्यापारी घराला कठीण जाऊ नये.

शेख मेमन स्ट्रीटची गर्दी पार करून भुलेश्वरला आले की आवाज बदलतो. पांजरपोळाच्या आवारात गाई दिसतात, वासरे दिसतात, कबुतरांचे थवे उठतात-बसतात. दारात हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या मिळतात. सकाळी पेढीवर जाताना गाईला पेंढी घालून जाणारे आजही पुष्कळ आहेत. येथे येणाऱ्याच्या नजरेस प्रथम गाईच पडतात, त्यामुळे हे स्थान मुळात कुत्र्यांमुळे उभे राहिले, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१८३२ च्या उन्हाळ्यात कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होते, त्यामुळे शिपाई घरांच्या अंगणापर्यंत घुसू लागले. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. त्यांच्याबरोबर हिंदू आणि जैन व्यापारीही उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, व्यवहार थांबले. सरकारने दंगल मोडून काढली. पण प्रश्न तसाच राहिला, आणि तो व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या रीतीने सोडविला. १८३४ साली जमशेटजी जिजिभॉय व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाला. एक पारशी, एक जैन. दोघांचाही व्यापार समुद्रापार पसरलेला. कुत्री मारावयाची नसतील तर ती कोठे तरी ठेवली पाहिजेत, ठेवावयाची तर त्यांचा खर्च कायमचा चालला पाहिजे, आणि कायमचा चालावयाचा तर त्याला उत्पन्नाची जोड हवी, असा तो सरळ हिशेब होता. आंदोलनाचा आवेश दोन दिवस टिकला; हा हिशेब जवळजवळ दोनशे वर्षे टिकून आहे.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी अनेक घरांत लहानपणी पाठ करून घेतली जाते व मोठेपणी विसरली जाते. तीत केशवाणिज्य आहे, म्हणजे जीवांचा व्यापार. त्याच यादीत असतीपोषण आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना धनासाठी पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांत साळुंकी, पोपट, मांजर आणि कुत्रा यांची गणना केली आहे. बाराव्या शतकातील हे विवेचन आजच्या पिल्लांच्या व्यापाराला इतके नेमके लागू पडावे, याचे नवल वाटते. निषेध अर्थातच विक्रेत्याच्या धंद्याचा आहे. ग्राहकाला त्यातून सुटण्याची वाट काढता येईल. परंतु जो धंदा आपण करणार नाही, त्याचे गिऱ्हाईक आपण व्हावे काय, हा प्रश्न मागे उरतोच.

याच यादीत निर्लांछन कर्मही आहे : प्राण्यांची नाके टोचणे, डाग देणे, वृषण काढणे, कान कापणे. आश्रयगृहातून कुत्रा आणू पाहणारे श्रद्धाळू कुटुंब नेमके येथे अडखळते. कारण तेथील प्राण्याची नसबंदी झालेली असते आणि ओळखीसाठी त्याच्या कानाला लहानशी खाच पाडलेली असते. अडखळणे योग्यच आहे. ‘हेतू वेगळा’ एवढे म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु त्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही पाहावे लागते. रस्त्यावरची मादी वर्षातून दोनदा विते, एका वेळी चार-सहा पिल्ले होतात आणि त्यांतील मोठा भाग पहिले वर्ष पाहत नाही. काही गाडीखाली जातात, काही उपासमारीने, काही आजाराने. मुंबईत महापालिका १९९४ पर्यंत कुत्री विजेच्या धक्क्याने मारीत असे. ते थांबले ते नसबंदी हा पर्याय समोर आल्यामुळे. २००१ साली केंद्राने त्याविषयी नियम केले व २०२३ साली ते नव्याने आले. कानावरची ती खाच म्हणजे त्या कुत्र्याला पकडून पुन्हा त्याच्या गल्लीत सोडल्याची खूण आहे. एके काळी पकडलेला कुत्रा परत येत नसे. साधूसाध्वींशी बोलून प्रत्येक घराने याविषयी आपला निर्णय करावा. मात्र तो करताना दोन्ही बाजूंची हिंसा तराजूत घालावी.

भुलेश्वरहून परळला टॅक्सीने जाता येते. तेथे आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेचे ते कार्य, आणि दान पुन्हा एका पारशी गिरणीमालकाचे. महालक्ष्मीला रेसकोर्सच्या परिसरात, १९८५ पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेचे श्वानगृह आहे. अशा ठिकाणी प्रथम जाणारा बिचकतो. भुंकण्याचा कल्लोळ, जंतुनाशकाचा वास, तीन पायांवर उड्या मारणारा एखादा पिवळा कुत्रा, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली एखादी म्हातारी कुत्री. शहरातील आश्रयगृहांत जातिवंत कुत्रीही आढळतात. जाहिरात विस्मरणात गेल्यावर सोडलेले पग, बदलीच्या वेळी टाकलेले लॅब्राडोर, उकाड्याने बेजार झालेले हस्की. बाजारात पैसे मोजून घेतलेला प्राणी येथे फुकट मिळतो, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे.

आश्रयगृह हे पुण्य कमावण्याचे सोपे दुकानही नाही. तेथील पिल्लाचा पूर्वेतिहास बहुधा कोणाला माहीत नसतो. ते किती मोठे होईल, हेही सांगता येत नाही. काही कुत्री झाडूला घाबरतात, काही पुरुषाच्या आवाजाला. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस सोफ्याखालून बाहेर न येणारी आणि अन्नाला तोंड न लावणारी कुत्री पुष्कळ. मुलाने रंगविलेल्या चित्रात हे नसते. मात्र प्रौढ कुत्रा घेतला तर एक लाभ होतो : तो आहे तसा समोर दिसतो. शांत आहे की उधळ्या, मुलांत रमतो की नाही, हे तेथील सेवकवर्ग महिनोन्महिने पाहत आलेला असतो. पिल्लाविषयी असे कोणीच सांगू शकत नाही, मग ते कितीही महागाचे असो. आपल्याकडचा देशी कुत्रा या हवेत घडलेला आहे. आखूड केस, चिवट प्रकृती आणि दारात उभ्या राहणाऱ्या परक्याची अचूक ओळख. तरीही लोक पिल्लेच मागतात आणि दोन वर्षांची शहाणी कुत्री वर्षानुवर्षे तेथेच राहतात.

जैन स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र दोन्ही पर्यायांत सारखाच उभा राहतो. कुत्र्याला पिष्टमय अन्न पचते. पशुवैद्याच्या सल्ल्याने समतोल शाकाहार आखला तर तो त्यावर चांगला जगू शकतो. येथे एक गमतीचा योग जुळून येतो. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात, आणि ज्या घरात ते येतच नाहीत तेथे एका धोक्याचे कारण आपोआप टळते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाशीही त्याचे दोन वेळांचे खाणे जुळवून घेता येते. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट यांपासून मात्र त्याला दूर ठेवले पाहिजे; सणाच्या मिठायांत मनुका असतात आणि पाहुणे कौतुकाने भरवतात. मांजराची गोष्ट वेगळी. मांजर निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाच्या घटकाच्या अभावी त्याची दृष्टी आणि हृदय बिघडते, आणि दूध-भातातून ते पुरेसे मिळत नाही. स्वतःच्या व्रतापायी मांजराला आजारी पाडणे हीही हिंसाच, आणि व्रत मोडून घरात मांस आणणे कुटुंबाला मान्य नसते. अशा घराने मांजर आणूच नये, आश्रयगृहातूनही नाही.

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा ‘नाही’ हा शब्द अंतिम समजण्याचे कारण नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेले बरे, एवढेच. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस या गोष्टी करावयाच्याच असतात.

आश्रयगृहाकडून मिळणारा अर्ज अनेकांना अपमानकारक वाटतो. घर स्वतःचे की भाड्याचे, दिवसा घरी कोण असते, घरातील सर्वांची संमती आहे काय, फिरायला कोण नेणार, एखादा स्वयंसेवक घर पाहून गेला तर चालेल काय. दान देणाऱ्याची अशी उलटतपासणी का, असा शेठजींचा सूर लागतो. पण ज्या व्यापाऱ्याने मुनीम ठेवताना कधी चौकशी केली नाही, त्याने याला नावे ठेवावीत. बारा-चौदा वर्षांचा हा करार आहे. आज आठवीत असलेले मूल कुत्रा म्हातारा होईल तेव्हा नोकरीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने दुसऱ्या शहरात असेल, आणि पायऱ्या न चढू शकणाऱ्या कुत्र्याला उचलून खाली नेणारे हात साठीतील आईवडिलांचे असतील.

अर्जात एक रकाना असा असतो की बहुतेक लेखण्या तेथे थांबतात. कुटुंब बाहेरगावी गेल्यास प्राणी कोठे राहील? पालिताणा, शिखरजी, गावाकडचे लग्न, चातुर्मासात महाराजसाहेबांच्या दर्शनाला काढलेले चार दिवस. जैन घर वर्षातून किती वेळा कुलूपबंद असते, याची मोजदाद त्या रकान्यापुढे प्रथमच होते. काही कुटुंबे तेथेच अर्ज घडी करून खिशात ठेवतात, दर महिन्याला एका कुत्र्याच्या खर्चाची रक्कम बांधून घेतात आणि रविवारी मुलाला त्याला भेटायला आणतात. काही कुटुंबे घरी जाऊन फोनाफोनी करतात आणि दिवाळीनंतर परत येतात, तेव्हा त्या रकान्यात पुण्याच्या मावशीचा पत्ता लिहिलेला असतो.